लांब चालले का?

आमच्याकडे घराबाहेर पडणाऱ्याला 'कुठे' असं विचारत नाहीत. चुकून कोणी विचारलंच, तर त्या माणसाने परत आत यायचं, बसायचं, घोटभर पाणी प्यायचं आणि मग निघायचं. पहूरला आमची आई, सुनंदाबाई, उंबऱ्यापाशी येऊन फक्त म्हणायची, "लांब चालले का?" त्याला 'लांब' किंवा 'जवळ' एवढं उत्तर पुरायचं.

हाच प्रश्न मी फोनमध्ये बसवला. जळगावात अखिलभाऊंच्या छोट्या कंपनीत मी ॲप बनवते. उगाच चाळा म्हणून फोन उघडणाऱ्याला दारातच थांबवायचं, अशी ती सोय. व्हिडिओ बघायला गेलात की पडदा काळा होतो, आवाज विचारतो आणि खाली दोन बटणं येतात. 'जवळ' दाबलं तर पाच मिनिटं, 'लांब' दाबलं तर अर्धा तास. वेळ भरली की पुन्हा तोच प्रश्न. काहीच न दाबता मागे फिरलात, तर ॲपच्या लेखी तुम्ही शहाणे. चाचणीपुरता आवाज मी आईचाच घेतला. "पयले तुह्या बापाच्या फोनात टाक," ती म्हणाली. "त्याह्यले त्या कुस्त्यांपुढे जेवनाचं भान नसते."

फाल्गुनात आई गेली. माझ्या फोनातला तिचा आवाज मी त्याच दिवशी बंद केला. नानांच्या, म्हणजे वडिलांच्या, फोनाचं माझ्या डोक्यातून पार निघून गेलं.

परवा अखिलभाऊंनी खूश होऊन मला बोलावलं. "चारुलता, हा फोन बघ. दिवसभर दारात येतो आणि मागे फिरतो. एकदाही आत गेला नाही! अशी गिऱ्हाइकं मिळाली तर आपण जिंकलो." त्यांच्या घरी तीन पिढ्यांचं कापडदुकान, त्यामुळे त्यांना अख्खं जग गिऱ्हाईकच दिसतं. त्यांच्यासमोर नुसता नंबर होता. तो नानांचा, हे मला बघताक्षणी कळलं.

"सोमवारी नवा आवाज चढव," ते म्हणाले. "जुना सगळ्या फोनांतून जाईल ना?"

"जाईल," मी म्हणाले. एक फोन त्यातून वगळणं माझ्या हातात होतं. वगळायचा की नाही, ते मात्र ठरेना. म्हणून रविवारी सकाळी मी पहूरची बस धरली.

अंगणात पाय ठेवला आणि आतून आईचा आवाज आला, "लांब चालले का?"

आवाज कुठून येतो हे मला ठाऊक होतं, मीच तो तिथे घातला होता. तरी मी घाबरले. आपल्याच आईला घाबरले.

दारात नाना उभे होते. पायात चपला, डोक्यावर टोपी, हातात फोन. आवाज थांबल्यावर ते थोडा वेळ तसेच उभे राहिले. मग चपला काढून आत गेले आणि खाटेवर बसले. मी आत येऊन शेजारी टेकेपर्यंत त्यांनी पुन्हा चपला घातल्या, दाराशी जाऊन फोनात कुस्ती लावली, आईने विचारलं आणि ते परत आले. मी आल्याचं त्यांना फारसं नवल वाटलं नाही.

"बागेत जाता ना नाना?"

"सुकदेव गडी पाह्यतो केळी. मी नाही गेलो मंग."

"अहो, बटण दाबा आणि जा की!"

"दाबलं का ती गप होते." ते माझ्याकडे न बघता बोलत होते. "उत्तर दिलं नाही तोवर ती उंबऱ्यात उभी हाये."

मला रडू आलं. रडतच मी सांगून टाकलं, की उद्या हा आवाज जाईल. "तुमच्या फोनात ठेवू का? ठेवता येतो."

नानांनी फोन तळहाताने पुसला. "तिले दवाखान्याच्या गाडीत घातलं ना," ते म्हणाले, "तवा कोनी इचारलं नाही तिले. जल्मभर तिनं साऱ्याले इचारलं. मीबी नाही इचारलं."

मग त्यांनी फोनात कुस्ती लावली. आईने विचारलं. त्यांनी 'जवळ' दाबलं, लगेच पैलवानांचा आरडाओरडा सुरू झाला. फोन तसाच खाटेवर ठेवून त्यांनी चपला घातल्या.

"नाना, कुठे?" माझ्या तोंडून निघून गेलं.

ते वळले, मुकाट आत आले आणि बसले. मला स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटली. मी पाणी आणलं. ते घोटभर प्याले. ते उठल्यावर मी उंबऱ्यापाशी गेले आणि जमेल तेवढ्या सरळ आवाजात विचारलं, "लांब चालले का?"

"नाही वं. जवळच," नाना म्हणाले आणि बागेच्या वाटेला लागले.

ते वळणाआड गेले. खाटेवरच्या फोनाची पाच मिनिटं भरली, पैलवान गप झाले.

"लांब चालले का?" मागून आईने विचारलं.

घरात मी एकटीच होते. फोन हातात घेतला. दोन्ही बटणं समोर होती. मी एकही दाबलं नाही.