दोन डाव्या बाह्या

तिनं पुन्हा दोन्ही बाह्या डाव्याच कापल्या. कापड गिऱ्हाइकाचं, उरलेला तुकडा वीतभरही नाही. सासूनं दोन्ही उताण्या एकमेकींवर ठेवल्या. कडेला कड जुळली. मग मशीनवरच्या जावेला ऐकू जाईल अशा बेतानं ती म्हणाली, "महाराणींना दिवस गेलेत, म्हणून गिऱ्हाइकानं आता उजवा हात काढून ठेवायचा."

जाऊ खुदकन हसली. तिला मात्र रडूही आलं नाही. रडू येत होतं तेव्हा बरं होतं, असं अलीकडे वाटे. बाळ लाथ मारी, ती शेजारच्या घराचं दार कुणी वाजवावं तशी तिला जाणवे. डोळ्याला डोळा लागत नव्हता. नवऱ्याला सांगितलं तर म्हणाला, आईशी बोल. त्याच्या आईशी बोलली तर म्हणाली, थेरं आहेत.

दुपारी दवाखान्यात तपासणी होती. सासू दर खेपेला सोबत येई आणि उत्तरंही तीच देई. झोप? आडवी पडली की घोरते. भूक? बकासुर बरा. नर्सनं विचारलं, मन कसं आहे?

"मनाला काय धाड भरलीय?" सासू म्हणाली.

नर्सचं पेन पुढच्या ओळीकडे निघालं. आता महिनाभर कुणी विचारणार नव्हतं.

"मी दोन्ही बाह्या डाव्या कापते," ती म्हणाली. "इतकी वर्षं कधी चुकले नाही. झोप नाही. आणि कात्री हातात आली की भीती वाटते. माझीच."

सासूनं तिचा दंड आवळला. नर्स उठली, सासूला बाहेरचा बाक दाखवला आणि दार लावून घेतलं.

नर्सनं बोलावलेल्या डॉक्टरीणबाईंनी आडवळण घेतलं नाही. मरावंसं वाटतं का, विचारलं. तिनं हो म्हटलं. छत कोसळलं नाही. हा आजार आहे, बाई म्हणाल्या, गरोदरपणात पुष्कळजणींना होतो, उपचारानं बरा होतो. तूर्त कात्री हातात नको, एकटं राहणं नको, दर गुरुवारी इथं यायचं. नवऱ्याला त्यांनी तिथूनच फोन लावला, आणि बाकावरच्या सासूलाही कात्रीचं आणि गुरुवारचं सांगितलं.

परतताना सासू चार पावलं पुढे. "घरातलं वेशीवर टांगलंस. आमच्या वेळी आम्हाला कुणी विचारलं होतं का?"

"नाही ना," ती म्हणाली. "विचारायला हवं होतं."

सासू क्षणभर थबकली, मग आणखी झपाझप चालू लागली. दुकानात येताच तिनं कात्री आपल्या खणात टाकली, खण धाडकन लावला.

"आणि आता बाह्या कोण कापणार?"

"तुम्ही," ती म्हणाली. "गुरुवारी तर मी दवाखान्यात असेन."