दुसरी अर्धी

मी एक जुना अडकित्ता आहे, मित्रांनो, आणि मला मिटून स्वस्थ पडता येत नाही. माझी खीळ सैल झाली आहे. जवळून कुणी चालत गेले तरी माझ्या दांड्या थोड्या उघडतात आणि पाते आपोआप वाजते.

तुमच्या घरात आता अडकित्ता नसेल, म्हणून सांगतो. कडक सुपारी दातांनी फुटत नाही. ती माझ्या पात्याखाली धरायची आणि दांड्या दाबायच्या, की कट्कन दोन तुकडे होतात. एकाचे दोन करायचे, एवढेच मला येते. नंतर कोणता तुकडा कुणाकडे गेला हे मी पाहतो, पण सांगू शकत नाही.

माझे पाते एका लोहाराने ठोकले. दांड्या पितळी आहेत. कौंडण्यपूरच्या यात्रेत मी एका चादरीवर विकायला पडलो होतो. देवराव तेव्हा एसटीत ड्रायव्हर होते आणि अमरावतीहून यात्रेच्या जादा गाड्या आणत. गाडी भरेपर्यंत त्यांना वेळ होता. त्यांनी मला उचलले, दोनदा उघडून मिटून पाहिले आणि खाकी खिशात टाकले. अमरावतीच्या फ्रेजरपुऱ्यातल्या घरी त्यांची नवी नवरी होती, जाईबाई.

"याचं काय करू जी मी?" जाईबाईंनी विचारले. "मी कुठं सुपारी खातो?"

"मी खातो नं. सुपारी तोंडात असली म्हणजे स्टेरिंगवर झोप नाई येत."

त्या दिवसापासून माझे काम सुरू झाले. देवराव ड्यूटीला निघाले की जाईबाई एक सुपारी फोडत. अर्धी त्यांच्या खिशात जाई. उरलेली अर्धी त्या स्वतःच्या गालात धरत आणि देवराव परत येईपर्यंत चघळत राहत. कुणी शिकवलेली रीत नव्हती ती. एकदा गाडी मेळघाटाच्या घाटात अडकली होती. तेव्हा अर्धी सुपारी तोंडात धरून त्या दारात उभ्या राहिल्या होत्या, आणि माणूस सुखरूप घरी आला होता. बस, तेव्हापासून.

शेजारच्या मनकर्णाबाई चिडवत, "काव जाईबाई, तू तं सुपारी खात नाई म्हणत होती?"

"माही नाई खात व. त्याईची खातो."

ती माझी कौतुकाची वर्षे होती. पाहुणे आले की मी ताटात असे. पोरगी झाली, तिचे नाव रश्मी ठेवले, तेव्हा साऱ्या आळीच्या सुपाऱ्या मीच फोडल्या. पुढे देवराव निवृत्त झाले, त्यांचे दात हलू लागले आणि सुपारी सुटली. जाईबाईंचीही सुटली, कारण त्यांची वेगळी सुपारी नव्हतीच. मी फळीवरच्या डब्यात जाऊन पडलो, जुने सेल आणि छत्रीच्या काड्यांच्या सोबतीला. मला गंज चढला. वापरात नसलेल्या वस्तूला काय वाटते हे तुम्हाला सांगून कळणार नाही. तुम्ही मात्र डबा उघडला की आत एकदा पाहत जा.

मधल्या काळात देवरावांना मधुमेह झाला. रश्मी मोठी झाली आणि औषधशास्त्र शिकली. आता ती अकोल्यात असते. वयस्क लोकांची मधुमेहाची औषधे हाच तिचा अभ्यासाचा विषय आहे. ती घरोघरी जाते, सगळी औषधे पलंगावर मांडायला लावते आणि कोणती गोळी कशासाठी, कधी, जेवणाआधी की नंतर, हे विचारत बसते. म्हाताऱ्या माणसाची साखर वाढणे वाईट, पण एकदम खाली घसरणे त्याहून धोक्याचे, असे ती सांगते.

देवरावांना एक-दोनदा दरदरून घाम फुटला, हात थरथरले. डॉक्टरांनी तपासले आणि म्हणाले, "देवरावजी, ही गोळी आता अर्धीच घ्या."

देवरावांना ते अपमानासारखे वाटले. "अर्धी? माही शुगर तं पोरावानी हाये, साहेब."

"म्हणूनच सांगून राहिलो. उतारावर ब्रेक कचकन दाबता का तुम्ही?"

"नाई जी. दमादमानं."

"मग ही गोळीही दमादमानं."

ड्रायव्हरला ते पटले. घरी आल्यावर जाईबाईंनी गोळी हाताने तोडून पाहिली, तर तिचा चुरा झाला. सुरीखालून ती टुणकन उडाली. मग त्यांना माझी आठवण झाली. त्यांनी मला चिंचेने घासले, पाते पुसले आणि गोळी धरली. कट्. बरोबर मधोमध!

"पाहा," त्या म्हणाल्या, "म्हातारा झाला तरी याचा नेम चुकत नाई. तुमच्यापेक्षा बरा हाये."

मित्रांनो, मला फार आनंद झाला. पण तो टिकला नाही. देवराव आपली अर्धी गोळी पाण्याबरोबर गिळून पेपर घेऊन बसले. ओट्यावर दुसरी अर्धी उरली होती. जाईबाईंनी ती बोटाने उचलली, क्षणभर पाहिली आणि तोंडात टाकली.

दुसऱ्या दिवशी त्यांनी नवी गोळी धरली. पुन्हा तेच झाले, आणि मग रोजच.

तेव्हापासून माझी खीळ सैल आहे.

जाईबाईंना मधुमेह नव्हता. कोणताच आजार नव्हता, म्हणून त्यांची फाइल नव्हती, आणि फाइल नसलेल्या माणसाला कुणी काही विचारत नाही. रश्मी सुट्टीला आली, तेव्हा तिने वडिलांची सारी औषधे पलंगावर मांडली. मुदत संपलेल्या गोळ्या बाजूला काढल्या. खडीसाखरेची बरणी भरून ठेवली. "घाम आला, हात कापले, डोळ्यांपुढे अंधारी आली, तर लगेच ही तोंडात टाकायची. आई, तू लक्ष ठेव."

"ठेवतो नं," जाईबाई म्हणाल्या.

"आणि तुझ्या गोळ्या?"

"मले काय धाड भरली? एक गोळी नाई मले. बापाची पाहा तू."

रश्मी हसली आणि गाडी पकडायला बडनेरा स्टेशनवर गेली. मी ओट्यावर होतो. शेजारी पाण्याचा पेला ठेवला तेव्हा मी वाजलो. कुणी लक्ष दिले नाही.

जाईबाईंना गरगरू लागले. बुद्धविहारातल्या बाया म्हणाल्या, अशक्तपणा आहे, खजूर खा. देवराव म्हणाले, वय झाले. दुपारी भांडी घासताना त्यांच्या कपाळावर घाम येई. मग त्या गुळाचा खडा खात आणि त्यांना बरे वाटे. म्हणून कुणी पुढे चौकशी केली नाही.

पावसाळ्यातली पौर्णिमा होती. जाईबाईंचा उपवास असे, दुपारी एकदाच जेवायचे. त्यांनी पांढरे पातळ नेसले. विहारात भोजनदान होते, त्याच्या पोळ्या करायला त्यांना लवकर जायचे होते. निघताना त्यांनी गोळी फोडली. अर्धी देवरावांना दिली, अर्धी स्वतः घेतली. अन्नाचा मात्र कणही पोटात टाकला नाही. साऱ्यांना वाढून झाल्यावर खाऊ म्हणाल्या.

पण काहीतरी राहिले म्हणून त्या मधूनच घरी आल्या. ओट्याला धरून उभ्या राहिल्या. अंगावरचे पातळ घामाने भिजले होते, बोटे थरथरत होती. खडीसाखरेची बरणी समोर होती. त्यांनी तिच्याकडे हात नेला, झाकणाला लावला आणि मागे घेतला. ते देवरावांचे औषध होते. मग त्या पडल्या. त्या हादऱ्याने मी ओट्यावरून खाली आलो.

देवरावांनी आणि शेजाऱ्यांनी त्यांना दवाखान्यात नेले. संध्याकाळी रश्मी अकोल्याहून थेट तिथे पोहोचली आणि आईचे कपडे घ्यायला वडिलांना घेऊन घरी आली. ती घाईत होती, बोलत होती. साखर एकदम खाली गेली आहे. ग्लुकोजचे सलाइन लावले की वर येते आणि पुन्हा घसरते. डॉक्टर विचारत आहेत, शुगरची गोळी घेतात का?

"मी सांगतलं नं त्याईले, तिले शुगर नाई," देवराव म्हणाले.

रश्मीचा पाय माझ्यावर पडला. तिने मला उचलले. माझ्या खिळीपाशी पांढरी भुकटी साचली होती. तिने ती बोटावर घेतली आणि थांबली.

"बाबा, गोळी अर्धी घेता ना तुम्ही? रोज नवी फोडते आई?"

"हो."

"मग दुसरी अर्धी कुठं जाते?"

देवराव पलंगावर बसले. बराच वेळ त्यांनी माझ्याकडे पाहिले. "सुपारी होती तवाई," ते हळूच म्हणाले, "दुसरी अर्धी तिचीच होती व पोरी."

रश्मीने तिथूनच डॉक्टरांना फोन लावला. मला तिने रुमालात गुंडाळून पर्समध्ये टाकले. म्हणून पुढचे मला ऐकू आले. त्या गोळीचा अंमल लवकर उतरत नाही. कारण कळल्यावर डॉक्टरांनी सलाइन चालू ठेवले, साखर पुन्हापुन्हा तपासली, आणि जाईबाई नीट जाग्या झाल्या.

"काहून व आई?" रश्मीने विचारले.

"टाकून देऊ मंग? त्याईचं अर्धं मी कधी टाकलं?" आणि थोड्या वेळाने, "त्याईच्या पोटात जाते ते मले काय जहर होते?"

 रश्मीने आईची वेणी सोडली आणि पुन्हा घातली.

साखर सावरली, पण पडताना कमरेजवळचे हाड मोडले होते. शस्त्रक्रिया झाली. जाईबाई घरी आल्या, पण स्वयंपाकघरात परत आल्या नाहीत. पलंगावरून त्या देवरावांना ओरडत, "भाजी जळून रायली, आयकू येते का?" थंडीत त्यांच्या छातीत कफ भरला. जानेवारीत त्या गेल्या.

देवरावांची गोळी आता फोडावी लागत नाही. तीच गोळी कमी ताकदीची, लहान आणि अख्खी मिळते. ती आधीही मिळत होती. विचारले असते तर डॉक्टरांनी तीच लिहून दिली असती.

मी आता रश्मीच्या पिशवीत असतो. अकोल्याजवळच्या गावांमधून ती फिरते. पलंगावर औषधे मांडली जातात आणि त्यांच्याशेजारी ती मला ठेवते. लोक हसतात. परवा पंजाबराव नावाचे एक आजोबा म्हणाले, "हे डॉक्टरीन अडकित्ता घिऊन फिरते! सुपारी खिलवते का काय?"

"खिलवतो ना, काका. आधी सांगा, ही गोळी अर्धी घेता, मग दुसरी अर्धी कुठं जाते?"

"दुसऱ्या दिवशी घेतो," आजोबा लगेच म्हणाले.

"कायची घेता?" दारातून त्यांच्या पत्नी सुंदराबाई बोलल्या. "फुटकी नोको म्हंता अन् नवी फोडता."

 रश्मीने पुढचे विचारले नाही, ती थांबली. सुंदराबाईंनी पदराची गाठ पुढे घेतली आणि नखाने सोडू लागल्या. आत पांढऱ्या अर्ध्या गोळ्या होत्या.

"फेकू वाटत नाई व बाई. खाऊ का नोको खाऊ, तोच इचार करून रायलो मी."

रश्मीने हात पुढे केला.

मित्रांनो, घरी आजी-आजोबांची औषधे असतील, तर हा एक प्रश्न विचारा. ज्यांना गोळी आहे त्यांना विचाराच, पण ज्यांना एकही गोळी नाही त्यांनाही विचारा. आणि विचारून लगेच खेळायला पळू नका. गाठ सुटायला वेळ लागतो, तोवर जवळ बसा.