जो बसवेल त्यानं चालवायची

"काका, तुमचं ते बोट कुठे गेलं हो?"

टाकलं विचारून एकदाचं! दुकानाच्या खिडकीबाहेर तिघी मैत्रिणी तोंड दाबून खुसखुसत होत्या. "हिंमत असेल तर विचार," असं त्यांनीच डिवचलं होतं, आणि कोणी हिंमत काढली की भिंगरीच्या अंगात वारं शिरायचं.

लाकूडतोडे काकांनी उरलेली चार बोटं डोळ्यांसमोर धरली. "एकाकडून करवतीला चुकीची चेन बसवून घेतली. ती निसटली, बोट तिच्यासोबत गेलं. तेव्हापासून तुझ्या आईशिवाय कोणाकडे जात नाही बघ."

खिडकीबाहेरच्या तिघींनी आपापली बोटं मुठीत लपवली.

भिंगरीची आई झाडं कापायच्या मशिनी, म्हणजे चेनसॉ दुरुस्त करायची. तिचा एकच दंडक होता: जो चेन बसवेल, त्यानंच गिऱ्हाइकासमोर करवत पहिली चालवायची. आपल्याच कामावर आपला भरवसा नसेल, तर ते दुसऱ्याच्या हातात द्यायचं कसं? म्हणूनच तर गल्ल्यावरचे बाबा लेकीला चेन बसवू देत नसत. पुसापुशी कर, तेल दे, बास. भिंगरी या एका गोष्टीसाठी जिवाचं रान करत होती आणि बाबा ढिम्म हलत नव्हते.

"बार पार झिजलाय, दादा. चेनही गेली," काकांची करवत उलटसुलट करून बघत आई म्हणाली. "नवीच जोडी देते. तुमची मशीन मला पाठ आहे." तिनं न बघताच खुंटीवरून चेन आणि तेवढ्याच लांबीचा बार, म्हणजे चेन जिच्या कडेनं फिरते ती लोखंडी पट्टी, काढला. चेन बारच्या खाचेत अशी चपखल बसली, की बघत राहावं.

भिंगरीनं मात्र सवयीनं जुनी चेन उचलली आणि नवीशेजारी टांगली. वरचे रिव्हेट, म्हणजे चेनच्या कड्या जोडणारे खिळे, जुळले. त्याखालचे जरा सरकले. आणखी खाली तर दोघींच्या वाटाच वेगळ्या!

"आई, ही नाही चालायची."

"काय नाही चालायची? इतकी वर्षं हीच लावतेय मी."

"मग आतलं चक्र तरी बघ. बारला बसतेय, पण ते चक्र हिला नीट धरणारच नाही."

आईनं मशीनचं झाकण काढलं, चेन फिरवायच्या दातेरी चक्रावर नवी चेन टेकवून पाहिली आणि मान वर केली. "दादा, हे चक्र मी बसवलेलं नाही."

काकांनी कान खाजवला. "एकदाच गेलो होतो हो, वहिनी, दुसरीकडे. कामाची घाई होती. तिथेच बदललं त्यांनी."

"आईशिवाय कोणाकडे जात नाही म्हणे!" खिडकीतून आवाज आला आणि काकासुद्धा हसले.

आई हसली नाही. तिनं हातातला पाना भिंगरीपुढे धरला. "चूक तू पकडलीस. आता जोडी तूच लाव."

"अगं, मग चालवावी पण तिलाच लागेल!" बाबा उठून उभे राहिले.

"लागेलच," आई म्हणाली.

भिंगरीनं जुन्या चेनशी रिव्हेटला रिव्हेट लावून दुसरी चेन निवडली. तिच्या जोडीचा बार मशीनच्या बोल्टवर चढवून पाहिला. चेन खाचेत दाबून डावी-उजवीकडे हलवली. डुगडुगली नाही. चक्रावर घेतली, ताण दिला, हातमोजा घालून हातानं फिरवली. गुपचूप फिरली गुणी बाळासारखी! काका तिच्या बोटांकडे बघत होते.

चष्मा, कानांवर आवाज अडवणाऱ्या टोप्या, पाय रोवलेले. लाकडी घोडीवर ओंडका आवळलेला. आई पाठीशी उभी होती, पण तिनं हात लावला नाही. भिंगरीनं दोरी ओढली. मशीन गुरगुरली, मग गर्जली. भुसा फवाऱ्यासारखा उडाला आणि ओंडक्याची चकती धप्पकन खाली पडली, सुरीनं कापावी तशी सरळ.

काकांनी चकतीवरून अंगठा फिरवला. "द्या वहिनी, मशीन बांधून द्या. हीच जोडी नेतो." खिडकीबाहेर टाळ्या पडल्या.

बाबा अजून गल्ल्याची कड घट्ट धरून उभे होते. भिंगरीनं चष्मा कपाळावर सरकवला. नाकाच्या शेंड्यापर्यंत भुसा होता.

"आई, बाबा, ऐका. शाळा सुटली की मी रोज या दुरुस्तीच्या बाकावर बसणार, आणि मी बसवलेली प्रत्येक करवत पहिली मीच चालवणार. विचारत नाहीये बाबा, सांगतेय."