तपासायचा राहिलेला डाव

मित्रांनो, दूध ढवळून ढवळून माझं टोक झिजलं आहे. मी एका छोट्या डेअरीतला लाकडी डाव. सुताराने मला मालकीणबाईंच्या हाताच्या मापाने घडवलं. कोमट दुधात विरजण घालून त्या मला फिरवायच्या आणि म्हणायच्या, "लागा रे पोरांनो कामाला!" विरजणातले जिवाणू खरोखरच कामाला लागायचे. दही असं लागायचं, की भांडं उपडं केलं तरी सांडायचं नाही.

मालकीणबाई आजारपणात गेल्या. तेव्हापासून मला मालकच धरतात. दुसऱ्या कोणाला हात लावू देत नाहीत.

मग दही लागेनासं झालं. सकाळी झाकण काढावं, तर दूध तसंच पातळ. पातेलीच्या पातेली मोरीत गेली. शेवटी मालकांच्या लेकीने प्रयोगशाळेतल्या तपासणीबाईंना बोलावलं. त्यांनी भांडी, नळ, झाकणं कापसाच्या बोळ्यांनी पुसली. ते बोळे त्यांनी काचेच्या नळ्यांत बुडवले. नळ्यांत ताजं विरजण लावलेलं, रंग घालून जांभळं केलेलं दूध होतं.

"दूध आंबलं की ते पिवळं होतं," त्या म्हणाल्या. "जांभळंच राहिलं, तर तिथे विषाणू आहे. माणसाला तो काही करत नाही, पण विरजणाचा काळच. अजून काही राहिलं का?"

"काही नाही," मालक म्हणाले.

"बाबा, आईचा डाव?" लेक हळूच म्हणाली.

"त्याला मी रोज कढत पाण्याने धुतो. तो काय चोर आहे, झडती घ्यायला?"

लेकीने मला खुंटीवरच राहू दिलं. पातेल्यांच्या नळ्या जांभळ्याच राहिल्या. माझ्याखेरीज सगळं औषधाने धुतलं, नवं विरजण आणलं. थोडे दिवस दही लागलं. पुन्हा तेच!

मित्रांनो, विषाणू माझ्या भेगेत आहे. तिथे जुनं दूध सुकून बसलं आहे. कढत पाणी वरच्यावर निघून जातं. मी फिरतो आणि विरजण मरतं. ओरडायला मला तोंड नाही. खुंटीवरून पडणंही माझ्या हाती नाही.

काल लेक म्हणाली, "बाबा, हे विरजण शेवटचं. नाही लागलं, तर डेअरीला कुलूप."



जुन्या वस्तू जपा, असं माझ्यासारखे नेहमी सांगतात. मी तसं सांगणार नाही. तपासणीला कोणी आलं, तर सगळ्यांत लाडकी वस्तू आधी पुढे करा. आणि मालकांना कोणीतरी सांगा, मला चुलीत घाला म्हणावं.

दूध कोमट झालं आहे. मालकांनी मला हातात घेतलं आहे.