नाक खाली

सहवैमानिक अरुंधतीने विमानाची दांडी पुढे लोटली, तेव्हा शेजारी कॅप्टन चंद्रभान आपली दांडी जीव खाऊन मागे ओढत होते.

ढगात वेग मोजणाऱ्या नळ्या बर्फाने बुजल्या आणि ऑटोपायलट एकाएकी बंद पडला. नागपूर अजून शंभर मैलांवर होतं. कॅप्टनच्या नावावर अठरा हजार तास होते, पण त्यातले बहुतेक बटणं दाबण्यात गेलेले. गोंधळून त्यांनी विमानाचं नाक वर ओढलं. विमानाचा वेग मोडला आणि एकशे बासष्ट माणसांसकट ते खाली कोसळू लागलं.

"सर, सोडा. माझ्याकडे द्या."

त्यांनी सोडली नाही. शेवटी त्यांची दांडी निकामी करणारं बटण दाबून धरत तिने नाक खाली घातलं. सहा सेकंद. पंखांना पुन्हा वारा मिळाला आणि विमान उडू लागलं.

त्या सहा सेकंदांत मागे ट्रॉली आवरणारी रितिका छतावर आदळली आणि मानेवर खाली पडली.

दुसऱ्या दिवशी कंपनीत निवेदन लिहिलं गेलं : 'विमान सावरण्यात आलं.' कोणी, ते त्यात नव्हतं. सही करताना अरुंधती थांबली, तसे कॅप्टन म्हणाले, "नाव कायले पाहिजे? टीम आहे आपली." तिने सही केली. पेपरात फोटो त्यांचा आला.

चौथ्या दिवशी ती दवाखान्यात गेली. नाक आपण दाबलं, हे रितिकाला स्वतः सांगायचं, एवढं तिने ठरवलं होतं. खोलीत कॅप्टन आधीच आलेले होते. रितिकाची मान पट्ट्यांत जखडलेली होती. तिला फक्त वर बघता येत होतं. पाय अजून हलत नव्हते. तिची आई, हिंगण्याच्या पुष्पलताबाई, कॅप्टनपुढे हात जोडून उभ्या होत्या.

"साहेब, लोकं म्हणतात तुमी नसते तर कोणीच वाचलं नसतं. मंग माही पोरगीच वर कशी आदळली?"

कॅप्टननी दाराशी आलेल्या अरुंधतीकडे पाहिलं.

"नाक खाली दाबलं की तसं होते, बाई," ते शांतपणे म्हणाले. "ते या मॅडमनं दाबलं. मी तर वर ओढून राहिलो होतो."

त्यातला शब्दन् शब्द खरा होता.

पुष्पलताबाई वळल्या.

"तू दाबलं?"

"हो, काकू. दाबलं नसतं तर विमान..."

"ते नाही इचारून राहिली मी." त्यांचा आवाज चढला नाही. "थोडं हळू नसतं जमलं का वं?"

अरुंधतीची नजर आपल्या उजव्या हाताकडे गेली. दोन वर्षांत आभाळ मोकळं असलं की ती किती वेळा म्हणाली होती, सर, आज हाताने उतरवू का? "काहून? मशीन तुझ्यापेक्षा शहाणं आहे," असं म्हणून ते डबा उघडत. त्यांच्यासोबतच्या सगळ्या उड्डाणांत मिळून विमान खरोखर तिच्या हातात आलं असेल ते तासभरही नाही. जीव वाचवायला किती जोर पुरतो आणि कितीने माणूस छतावर फेकला जातो, हे हाताला कळतं. पण त्या हाताला आधी उडवू द्यावं लागतं.

"जमलं असतं," ती म्हणाली.

पुढचं सांगायला तिने तोंड उघडलं. पलंगावर रितिकाने डोळे मिटून घेतले. अरुंधती दाराशीच उभी राहिली.

पुष्पलताबाईंनी खोलीतलं एकुलतं स्टूल पदराने पुसलं आणि कॅप्टनपुढे सरकवलं.

"तुमी बसा, साहेब," त्या म्हणाल्या. "कवाचे उभे आहा."

कॅप्टन बसले.