स्मिताच्या वाट्याची भाकर

बाबांच्या शाळेचं अनुदान अडलं ते पंच्याऐंशी सालच्या दसऱ्याच्या आसपास. बाबा, म्हणजे वसंत मास्तर, पांढुर्ण्याच्या एका खासगी शाळेत गणित शिकवत. पगार थांबला तरी ते रोज धुतलेला सदरा घालून शाळेत जात आणि संध्याकाळी येऊन सांगत, "पुढच्या महिन्यात होते म्हणतात." दिवाळी गेली, थंडी पडली, पगार काही आला नाही.

घरात आम्ही पाच जण. आई, बाबा, दात पडलेले आबा, मी बारा वर्षांची आणि धाकटी स्मिता, चौथीतली. सकाळचं आई कसंही निभवायची. शिळी भाकर, तिखट-मीठ, कधी नुसता चहा. पण संध्याकाळी सगळ्यांनी एकत्र बसून गरम जेवायचं, हा तिचा हट्ट होता. त्यासाठी दर रविवारी ती एका जुन्या उत्तरपत्रिकेच्या कोऱ्या बाजूला आठवड्याच्या संध्याकाळी लिहून काढायची. सोमवारी पिठलं. मंगळवारी बेसन लावलेलं पालकाचं आलण, कारण पालक परसातलाच. बुधवारी ज्वारीच्या कण्या आणि ताक. ताक शेजारच्या देवकाबाई द्यायच्या. तुरीचं वरण आठवड्यातून एकदाच. बाजाराच्या दिवशी ती मुद्दाम बाजार उठता उठता जायची, तेव्हा मऊ पडलेली वांगी स्वस्तात मिळत. कंट्रोलचं, म्हणजे रेशनचं, पामतेल महिना सरायच्या आठ दिवस आधीच संपे आणि मग भाज्या नुसत्या उकडून. आबांना भाकर चावत नसे, त्यांच्यासाठी मूठभर भात वेगळा लागे. सगळं तिथंच येऊन अडायचं.

"एकीकडं झाकलं का दुसरीकडं उघडं पडते," आई पेन्सिल चावत म्हणायची.

एकदा बाबांनी तो कागद हातात घेतला. गणिताचे मास्तर ते. बराच वेळ पाहिला आणि परत ठेवला.

स्मिताला मात्र धीर नव्हता. "आई, हे पिठलं हाय का हळदीचं पाणी?" असं ती तोंडावर विचारायची. आई हसून म्हणायची, "खालून ढवळ, खाली पिठलं हाय." स्मिता खरंच ढवळायची.

पौषात मनकर्णा आत्या आबांना भेटायला आली. आत्या सौंसरजवळच्या मोहगावला दिलेली. तिच्या यजमानांचा, भगवंतराव मामाजींचा, संत्र्याचा बगीचा, थोडा कापूस. ती आली तो नेमका बुधवार होता. पाहुण्याला कण्या कशा वाढायच्या? आईनं मला मागच्या दारानं देवकाबाईंकडे वाटी घेऊन पाठवलं. त्या दिवशी वरण झालं, वरून लसणाची फोडणीही पडली. आई स्वतः उशिरा बसते म्हणाली.

जेवण छान चाललं होतं. स्मितानं ताटली बोटानं पुसून काढली आणि आनंदानं म्हणाली, "आत्या, तू रोज येत जा नं. तू आली का वरण होते."

बाबा उठून हात धुवायला गेले.

भांडी घासताना आत्या आईजवळ येऊन बसली. "वहिनी, एक पोट्टी माह्यासंग पाठव. परीक्षा होईपर्यंत. मोहगावले शाळा हाय. एका पोरीचं आमच्याकडे काही जड नाही."

आई राखेनं तवा घासत राहिली. ओसरीवरून आबांनी ऐकलं होतं. ते तिथूनच म्हणाले, "मनकर्णा, मलेच घेऊन चाल. भाताची कटकट माह्यापायीच हाय."

"आबा, काहून असं बोलता?" आत्या म्हणाली. पण चला, असं ती म्हणाली नाही. सासू होती तिला. लेकीच्या सासरी बापानं राहायला जायचं, हे ती कोणत्या तोंडानं सांगणार होती? आबांना ते कळलं. त्यांनी भिंतीकडे कूस वळवली.

राहिलो आम्ही दोघी. आई माझ्याकडे पाहत होती आणि मी जमिनीकडे. मला जायचं होतं. संत्र्यांसाठी नाही, रोज तेच ते मोजकं जेवण मलाही नको झालं होतं.

"उषाले भाकर थापता येते," आई शेवटी म्हणाली. "तिचा हाताले हात लागते. स्मितालेच ने."

सकाळी स्मिता पिशवी घेऊन उड्या मारत निघाली. "तिथं दूध असते काय रोज?" एवढंच तिनं विचारलं. आई बसस्टँडवर आली नाही. चूल पेटली आहे म्हणाली.

त्या संध्याकाळी मी सवयीनं पीठ मळलं आणि एक भाकर उरली. ती टोपलीत पडून राहिली. बाबांनी घेतली नाही, मीही नाही. आईनं ती दुसऱ्या दिवशी कुस्करून फोडणीला टाकली. त्या दिवसापासून मी पीठ कमी घेऊ लागले.

महिनाअखेरीला आईनं तेलाचा डबा तिरपा करून पाहिला. दोन दिवसांचं तेल शिल्लक होतं. रविवारी कागद लिहिताना प्रत्येक संध्याकाळ नीट बसत गेली, आबांच्या भातासकट. आईनं पेन्सिल खाली ठेवली.

"जमलं, उषा," ती म्हणाली आणि तोंडाला पदर लावून परसात निघून गेली. एक लेक कमी केली तेव्हा जमलं होतं. मी तिच्या मागे गेले नाही.

होळीनंतर आई आणि मी मोहगावला गेलो. स्मिताचे गाल भरले होते, केसांना तेल होतं. जेवताना आत्यानं सगळ्यांच्या भातावर तूप घातलं. आई घास घेईना, तेव्हा स्मितानं तिच्या पाठीवर हात ठेवून समजावलं, "घे नं आई. इथं कमी नाही पडत." मोठ्या बाईसारखं बोलली. आईनं मान खाली घालून सगळं संपवलं.

एप्रिलमध्ये थकलेले पगार एकदम निघाले. बाबांनी पेढे आणले. आईनं पाच किलो तांदूळ आणला, तेलाचा डबा भरला, आणि परीक्षा आटोपताच स्मिताला घेऊन आली. त्या संध्याकाळी वरण, भात, बटाट्याची रसभाजी आणि शेवया, सगळं एकदम केलं. स्मितानं सगळं खाल्लं. "छान आहे," म्हणाली. पण वाढायला जाताच तिनं ताटावर हात आडवा धरला. "पुरे."

महिनाभर असंच. काय करू विचारलं तर "काही बी चालते." भांडण नाही, हट्ट नाही. पाणी पिऊन पेला जागेवर ठेवायची. देवकाबाई म्हणाल्या, "पोरगी शहाणी झाली." आईला ते ऐकवेना. तिनं एकदा स्मिताला जवळ ओढून विचारलं, "माह्यावर राग हाय काय तुह्या मनात?"

"नाही," स्मिता म्हणाली. खरंच राग नसावा. मग ती म्हणाली, "पाचवी मले मोहगावलेच करू दे नं. आत्या हो म्हणते."

बाबा समजावून थकले. आबांनी नुसती मान हलवली. आईला मात्र नाही म्हणवेना. घरात आता धान्य होतं, पगार होता, आणि तरीही पोरीला अडवायचा हक्क आपणच जानेवारीत देऊन टाकला, असं तिला वाटत होतं. हे तिनं मला खूप वर्षांनी सांगितलं.

जूनच्या शेवटी आत्या न्यायला आली. या वेळी आई बसस्टँडवर आली. स्मिता खिडकीशी बसली, हात हलवला. सौंसरची बस वळणाआड गेली तरी आई तिथंच उभी होती. मग म्हणाली, "चाल उषा, आबा वाट पाहून राहिले असतील."