सुनेच्या वतीने दिलेली उत्तरं

तीस वर्षं वॉर्डात नर्स होते. प्रश्न कानावर पडला की उत्तर माझ्या तोंडून आपसूक निघतं.

सुनेला सकाळपासून श्वास घेताना छातीत टोचत होतं. तिला घेऊन मी हॉस्पिटलात गेले आणि डॉक्टरीणबाईंना सांगूनच टाकलं, सीटी स्कॅन करा. आमच्या वेळी ते यंत्र नव्हतं. फुप्फुसात रक्ताची गाठ अडकून एक बाई माझ्या हातात गेली होती, मी तिची वेणी घालून देत असताना. तो अर्धा पेड अजून बोटांना आठवतो.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, सीटी म्हणजे किरणं आली, शिरेतून औषध आलं. उगीच करत नाही. आधी प्रश्न. पायाला सूज? नाही, मी म्हटलं. खोकल्यातून रक्त? नाही. अलीकडे ऑपरेशन? नाही. हार्मोनच्या, म्हणजे मूल न होण्याच्या गोळ्या?

"छे हो, चार वर्षं आम्ही पाळण्याची वाट बघतोय."

सून भिंतीकडे बघत होती. नाडी, ऑक्सिजन ठीक होतं. सीटीची गरज नाही, असं लिहिता लिहिता बाईंचं पेन थांबलं.

"आजी, तुम्ही जरा बाहेर बसा. आता मी यांना विचारते."

वॉर्डात नातेवाइकांना बाहेर काढणारी मी, फणफणत बाकावर जाऊन बसले. थोड्या वेळाने सुनेचं रक्त तपासायला गेलं. तासाभराने तिला चाकाच्या खुर्चीतून सीटीला नेलं. डाव्या फुप्फुसात गाठ निघाली. लगेच इंजेक्शन सुरू झालं.

मी खाटेजवळ गेले तेव्हा ती हळूच म्हणाली, "आई, मी गोळ्या घेत होते. दोन वर्षं. तुमच्यासमोर सांगायचा धीर नव्हता."

त्या गोळ्यांनी रक्तात गाठी होऊ शकतात, हे मला नर्सला ठाऊक होतं. शेजारच्या बाळाचं कौतुक तिला ऐकू जाईल अशा आवाजात करणारी मीच. आणि आज माझ्याच "छे हो"वर तिला घरी घेऊन जाणार होते. पेन थांबलं नसतं तर?

दुसऱ्या दिवशी ती उठून बसली. मी तिची वेणी घालत होते, तोच डॉक्टरीणबाई आल्या. श्वास कसा आहे, त्यांनी विचारलं. माझं तोंड उघडलं. सुनेने मान वळवून माझ्याकडे पाहिलं.

मी हातातल्या पिना ओठांत धरल्या.